लाल टोक दक्षिणेला

९ नोव्हेंबर, रवि.
सुट्टी. विशाखाचं सामान आलं. इरफान घेऊन आला. तो पुसदचा, लॅबमध्ये विशाखाच्या दोन वर्षं मागे. सुट्टीवर घरी आला होता, तिथून एसटीने वणीला. एक ट्रंक, एक बॅग. ट्रंक सीटवर ठेवली म्हणून कंडक्टरने तिचंही अर्धं तिकीट फाडलं म्हणे. आई त्याला "बस बाप्पा" म्हणाली, ट्रंकेला हात लावला आणि आत गेली.
जेवला थोडंसंच. सांगत होता की प्रयोगाचा पेपर लिहून तयार आहे, त्यावर विशाखाचं नाव पहिलं, तिचे गाईड सर महिनाभरात छापायला पाठवतील. छापला की तिला मरणोत्तर पदवी मिळावी म्हणून अर्ज करतील. आई दारामागून ऐकत होती. बाहेर येऊन विचारलं, "म्हनजे डॉक्टर लागन ना तिच्या नावापुढं?" तो हो काकू म्हणाला.
परवा महिना होईल तिला जाऊन.

१२ नोव्हेंबर, बुध.
पहिली पाळी. खाणीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर बदलली. मोटर बदलली की पंपाला जोडण्याआधी क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघतो. उलटी फिरली तर दोन तारा आपसात बदलायच्या. एकवीस वर्षं हेच करतो.
विशाखा म्हणायची, "दादा, तुह्यं अन् माह्यं काम एकच हाय. जोडलं का दिशा पाहाची." माझ्याकडूनच शिकली होती.

१६ नोव्हेंबर, रवि.
ट्रंक उघडली. कपडे आईने घेतले. माझ्याकडे पुस्तकं, तीन वह्या, पेनांचा डबा, एक पत्र्याची पेटी.
वह्या इंग्रजीत. डिप्लोमाच्या इंग्रजीवर जेवढं समजतं तेवढं वाचलं. मागच्या दिवाळीत तिने स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं म्हणून थोडं कळतं. यंत्रातून आयनांचा झोत, म्हणजे बीम, सोडायचा. तो नमुन्यावर आदळतो. नमुन्यातल्या अणूंची काही केंद्रकं त्या धक्क्याने उडून मागच्या लोखंडाच्या अगदी पातळ थरातून जातात. केंद्रक म्हणजे फिरता भोवरा आणि छोटा चुंबक, दोन्ही. लोखंडातून जाताना त्याला इतकं मोठं चुंबकीय क्षेत्र जाणवतं की बाहेर तसं बनवताच येत नाही. तेवढ्या वेळात भोवरा किंचित वळतो. किती वळला त्यावरून त्याचा चुंबक केवढा ते कळतं, कुठल्या बाजूला वळला त्यावरून त्याचं चिन्ह, अधिक की उणे. बाहेरचा विजेचा चुंबक फक्त लोखंडाला वर किंवा खाली तोंड करायला लावतो, दर थोड्या मिनिटांनी उलटवायचा. आई म्हणाली होती, एवढ्याशा भोवऱ्यासाठी एवढं मोठं मशीन. विशाखा खूप हसली होती.
तिचं उत्तर उणे आलं. सगळ्यांना वाटत होतं अधिक येईल. पेपर त्याचाच आहे.

१७ नोव्हेंबर, सोम.
तिसरी वही. शेवटची पानं. बाजूला पेन्सिलने स्वतःचा ताप लिहिलाय. २९ सप्टें. १००.४. ३० सप्टें. १०२, गोळी घेतली, बीम छान आहे.
२९ ला दुपारी तिचा फोन आला होता. अंग फुटून राह्यलं दादा, शिफ्ट सोडून घरी येऊ का. यंत्रावर तिची पाळी दीड वर्षाने लागली होती. मी म्हणालो, चार दिवस काढ, मग आरामात ये.
डेंग्यू होता. ३ ऑक्टो. ला पाळी संपली, ४ ला दवाखान्यात, ११ ला
माझ्या बायकोला, ज्योतीला, तो फोन माहीत आहे. ती शेजारीच भाजी चिरत होती. आईला माहीत नाही.

२० नोव्हेंबर, गुरु.
पत्र्याच्या पेटीत तिचं होकायंत्र निघालं. ती सातवीत असताना मी नागपूरहून आणलं होतं. काचेला चरा आहे, बाकी ठीक.
टेबलावर ठेवलं. लाल टोक रेल्वे सायडिंगकडे. ती तर दक्षिण. वाटलं, टेबल लोखंडी आहे म्हणून असेल. अंगणात नेलं, तेच. सायंकाळी कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. मावळतीकडे तोंड करून उभा राहिलो. लाल टोक डाव्या हाताला. उजव्या हाताला, उत्तरेकडे पाहिजे.
हलवून पाहिलं. सुई फिरते आणि पुन्हा तिथेच येते.

२१ नोव्हेंबर, शुक्र.
होकायंत्र कामावर नेलं. सर्व्हे सेक्शनच्या होकायंत्राशेजारी ठेवलं. दोघांची लाल टोकं विरुद्ध दिशांना. तिथला रामटेके हसला. म्हणाला, हे हातात घेऊन खोदत गेलो तर खदान तेलंगणात निघन. मग कोणाचं आहे विचारलं. सांगितलं. त्याने चहा सांगितला.
मोठ्या चुंबकाजवळ नेलं आणि सुईला फिरायला जागा नसली तर सुई फिरत नाही, तिचे ध्रुवच बदलतात. हे आमच्या वर्कशॉपमध्येही झालेलं आहे.
घरी येऊन तिसरी वही पुन्हा काढली. ३० सप्टेंबरचं पान. तिने आधी एक माहितीचा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा, नमुना मोजला होता, त्याचं उत्तर बरोबर आलं. मग चेंबर उघडून नमुना बदलला. चुंबकाच्या तारा काढाव्या लागल्या, परत जोडल्या. त्याखाली तिच्या अक्षरात, मराठीत लिहितो: दिशा होकायंत्राने पाहिली, उलट आली, तारा आपसात बदलल्या.
जोडलं की दिशा बघायची, तशी तिने बघितली. पण सुईच तेव्हा उलटी असेल तर तारा आधीच बरोबर होत्या. मग तिने बदलून चूक केली. वर म्हटलं ते खाली, खाली म्हटलं ते वर. उणे नाही. अधिक.

२२ नोव्हेंबर, शनि.
पहिली पाळी करून आलो. झोप नाही.
ताप नसता तर तिने आधी सुई उत्तर दिशा दाखवते का ते पाहिलं असतं. ती तशीच होती. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा पण आधी पाहायची.

२३ नोव्हेंबर, रवि.
इरफानला फोन केला. तो लॅबला परत गेलाय. सगळं सांगितलं. 
त्याने विचारलं, तुम्ही हे कोणाला सांगितलं का. नाही म्हणालो. मी विचारलं, तारांवर खूण नव्हती का. एका तारेवर लाल टेप होती, ती निघून गेली होती म्हणाला. क्षेत्र मोजायचं दुसरं उपकरण दुरुस्तीला गेलेलं. म्हणून होकायंत्र. त्या दिवशी चेंबर बंद करताना तो तिच्या सोबत होता. तिने सुई पाहून लिहिलं, त्याने ते वाचलं, सही केली. सुई उत्तर दिशा दाखवते का हे त्यानेही नाही पाहिलं.
फोन ठेवताना म्हणाला, विचार करून सांगतो.

१ डिसेंबर, सोम.
इरफानचा फोन. जेवणाच्या सुट्टीत, सबस्टेशनच्या मागे जाऊन घेतला.
त्याने ड्रॉवर पाहिला. तिचं सामान भरताना त्याला होकायंत्र ज्या ड्रॉवरमध्ये सापडलं, त्यात यंत्रातली हवा काढणाऱ्या पंपाचे सुटे चुंबक ठेवलेले आहेत. जबर ताकदीचे. होकायंत्र त्यांना चिकटूनच पडलं होतं. म्हणजे सुई नंतर, ऑक्टोबरात तिथेच उलटली असेल. तसं असेल तर प्रयोगाच्या दिवशी ती बरोबर होती आणि तिचं उणे बरोबर.
किंवा तसं नसेल.
"दादा, सुई कधी उलटली हे आता कोनीच नाई सांगू शकत. पेपर जाऊ द्या. उद्या दुसऱ्या कोनी मोजलं अन् उलट आलं तं दुरुस्ती छापता येते. आता सांगतलं का थांबलंच समजा."
त्याच्या स्वतःच्या थीसिसमध्येही तेच उत्तर आहे, हेही त्याने सांगितलं. लपवलं नाही. मला ते आवडलं. जेवणाची सुट्टी संपली, फोन ठेवला.

३ डिसेंबर, बुध.
ज्योतीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. भांडी पुसत होती.
म्हणाली, "तवा बी तुमी एकटेच ठरवून मोकळे झाले. आता बी एकटेच ठरवान का?"
वाईट बोलली नाही. खरं तेच बोलली. मी बाहेर जाऊन नळाखाली सायकल धुतली.

४ डिसेंबर, गुरु.
दुसरी पाळी. थंडी वाढली. कोळशाच्या ट्रकांची धूळ सकाळी खाली बसतच नाही.
कामावर एक चूक. केबल जॉइंट केल्यावर नोंद करायची विसरलो. वरच्या साहेबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आजकाल मला कोणी काही बोलत नाही.

६ डिसेंबर, शनि.
आईला घेऊन पुतळ्याजवळ गेलो. मेणबत्त्या, पांढरे कपडे, त्रिशरण. गर्दी होती. विशाखाच्या शाळेच्या बाई भेटल्या. पोरीच्या कामाचं काय झालं विचारलं. आईने सांगितलं, छापून येनार हाय, जगात कोनालेच नव्हतं माईत ते तिनं काढलं. बाईंनी आईचे हात धरले.
आई हे सगळ्यांना सांगते आहे. दळण टाकायला गेली तरी तिथे सांगते. पदवीचा कागद लावायला भिंतीवर तिने खिळाही ठोकून घेतलाय, शेजारच्या वानखेडेकडून. मला म्हणाली नाही.

८ डिसेंबर, सोम.
सर दौऱ्यावरून आले, गुरुवारी पेपर पाठवणार. इरफानचा मेसेज. खाली लिहिलंय, तुम्ही म्हणाल तसं.
माझ्यावर का. मी कोण.
वाटतं, न सांगावं. मग तिचं उणे उणेच राहील आणि ते चार दिवस कामाचे राहतील. सांगितलं आणि अधिक निघालं तर मी तिला तिथे कशासाठी बसवलं. एका चुकीसाठी.
हे लिहिल्यावर कळलं की मी तिचा नाही, माझाच विचार करतोय.

९ डिसेंबर, मंगळ.
रजा टाकली. सरांना फोन केला. हिंदीत बोलायचं कागदावर लिहून घेतलं होतं, तरी अडखळलो. इरफानचं नाव घेतलं नाही, पण त्याने स्वतःच सकाळी सरांना सांगून टाकलं होतं. सर म्हणाले, मालूम है, फिर भी आप बोलिए, आपने क्या देखा.
मैदानातलं सांगितलं, सर्व्हे सेक्शनचं सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, आमचे साहेब ब्रेकडाऊननंतर विचारतात तसे. मग म्हणाले, "गलती मेरी है। देखना मुझे था।"
आकडा बरोबर आहे, तो दोन्हीकडून तेवढाच. फक्त चिन्हाचा प्रश्न. दोन रस्ते आहेत. चिन्ह न लिहिता नुसता आकडा छापायचा, त्यात खोटं काही नाही, गुरुवारीच जाईल, पदवीचा अर्जही पुढे जाईल. पण चिन्हाशिवाय त्या पेपरात नवीन काही राहत नाही. नाहीतर थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. त्यासाठी यंत्रावर पाळी मागावी लागेल. मिळेल की नाही, कधी मिळेल, ते सांगू शकत नाहीत.
म्हणाले, घर में बात कर लीजिए। उसका यही एक पेपर है।

१० डिसेंबर, बुध.
आईला सांगितलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी पण बसलो सोलायला. ज्योती दारात उभी.
जमेल तसं सांगितलं. सुई उलटी असू शकते, मग उत्तर उलटं असू शकतं. चिन्ह सोडून छापलं तर लवकर छापून येईल.
आई म्हणाली, "अर्धं काहून छापता? पोरगी अर्धं सोडून आली का कधी?"
मी म्हणालो, पुन्हा मोजायला वर्षंही लागतील. पदवी थांबेल.
"थांबू दे. मी कुठी चालली?"
मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, सुई न तपासण्याची चूक विशाखाकडून कशी झाली. ती तर असं करत नव्हती. मी बोलून गेलो की त्या दिवशी अंगात ताप होता, एकशे दोन.
आईचे हात थांबले.
"ताप होता तं घरी काहून नाई आली?"
खोटं बोलता आलं असतं. ज्योती पाहत होती म्हणून नाही, पण मला नाही बोलता आलं. सांगितलं. तिचा फोन आला होता, येऊ का विचारत होती, मीच थांब म्हणालो.
आई उठली. शेंगांची परात तशीच. आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

११ डिसेंबर, गुरु.
सरांना मेसेज केला. रुक जाइए. माताजी का यही कहना है.
त्यांनी लिहिलं, ठीक है. मशीन के लिए अर्जी देता हूँ.
इरफानने काही लिहिलं नाही.
आई माझ्याशी बोलत नाही. ज्योतीमार्फत ताट येतं.

१४ डिसेंबर, रवि.
सुट्टी. घरात सगळे हळू बोलतात. आईने सकाळी बुद्धवंदना केली, विशाखाच्या फोटोला फुलं वाहिली. मी शेजारी बसलो तेव्हा उठली नाही. पण पाहिलंही नाही.
इरफानचा मेसेज. दादा, रागावलो नव्हतो. दोन दिवस फक्त होस्टेलमध्ये पडून होतो. त्या पानावर सही माझी पण आहे.
त्याला लिहिलं, जेवत जा.

१८ डिसेंबर, गुरु.
पहिली पाळी. पंप पुन्हा बंद पडला. तारा जोडल्यावर दिशा पाहिली, बरोबर होती. तरी दुसऱ्यांदा पाहिली, मग तिसऱ्यांदा. सोबतचा पुरुषोत्तम म्हणाला, का बे, आज काय मोटरीसंगं लग्न लावतं का. सगळे हसले. मीही.
नंतर खाणीच्या गाडीत एकटा बसलो होतो थोडा वेळ.

२३ डिसेंबर, मंगळ.
ज्योती म्हणते आई रात्री तिला विचारते. फोनवर आवाज कसा होता, खोकत होती का, आणखी काय म्हणाली. ज्योती सांगते तिला जेवढं आठवतं तेवढं. मला विचारत नाही.
मला विचारलं तर मी सांगितलं असतं की ती हसलीही होती. बरं दादा, म्हणाली होती. नाराज नव्हती वाटली. हे सांगून आईला बरं वाटेल की जास्त वाईट, कळत नाही. म्हणून इथे लिहितो.

२८ डिसेंबर, रवि.
सरांचा फोन. अर्ज दाखल केला, सोबत माझ्याकडचे होकायंत्राचे फोटो जोडले. समिती मार्चनंतर बसते. बरेच अर्ज असतात, पहिल्याच वेळी मिळेल असं नाही. मिळालं तर इरफान आणि एक नवीन मुलगी शिफ्टला बसतील. यावेळी दिशा तीन प्रकारांनी तपासतील, आणि माहितीचा नमुना आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजतील.
मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, उणे की अधिक. ते म्हणाले, मैं अब कुछ नहीं मानता.

४ जानेवारी, रवि.
दुसरी पाळी. निघायला दुपार झाली. आई दारात उभी होती. पंचवीस दिवसांनी बोलली. विचारलं, कधी मोजणार.
म्हणालो, माहीत नाही. मिळालं तर उन्हाळ्यात. नाहीतर पुढच्या वर्षी. कोणीतरी नवीन मुलगी बसणार आहे.
आईने माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ते तुटायला आलंय, तिने ओढून पाहिलं.
"तिथं सांगून ठेव. त्या पोरीच्या अंगात ताप असन तं बसू नोका देऊ म्हना. मशीन कुठी पळून नाई चाललं."
हो म्हणालो.
बसमध्ये सरांना हेच हिंदीत लिहून पाहिलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा बरं जमलं, पण मोठ्या माणसाला असं लिहावं की नाही कळेना. खाणीचं गेट आलं. मेसेज अजून तसाच आहे.